कर्नलमध्ये प्लग अँड प्ले बसवताना कॉम पोर्ट हरवू नये म्हणून: काय आणि कुठल्या क्रमाने

लांजा ते राजापूर हायवेला चिऱ्याच्या ट्रकांसाठी जे वजनकाटे आहेत त्यातल्या काही काट्यांवरची लिनक्सची मशीनं मी बघतो, आणि वर्षातनं तीन-चारदा तरी हा फोन येतोच: "दादा, नवीन कर्नल टाकला, कंप्युटर एकदम मस्त चालतो, पण काट्याचा आकडा येत नाय." कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळं हार्डवेअर तोच हाताळतो. जाऊन बघावं तर कीबोर्ड चालू, नेट चालू, घड्याळ बरोबर, फक्त कॉम-३, म्हणजे काट्याचा आकडा आणणारा तिसरा सिरियल पोर्ट, मुका. आणि बाहेर चिरे भरलेला ट्रक काट्यावर उभा, मागे अजून दोन.

प्लग अँड प्ले (पीएनपी) म्हणजे कुठलं हार्डवेअर कुठल्या पत्त्यावर आहे हे कर्नलला आपोआप कळायची सोय. लोकांना वाटतं ती म्हणजे जुन्या आयएसए कार्डांची (मदरबोर्डच्या जुन्या लांब स्लॉटात बसणाऱ्या) भानगड, आता तिचं काय काम. तर तसं नाही. मदरबोर्डवर सोल्डर केलेले सिरियल पोर्ट, प्रिंटर पोर्ट, पीएस-टू कीबोर्ड हे सगळं आजही कर्नलला प्लग अँड प्लेच्या थरातूनच कळतं, ती माहिती बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रॅमच्या) एसीपीआय टेबलमधून, म्हणजे बोर्डावर काय काय आहे त्या यादीतून येते. गंमत अशी की हा थर बंद पडला तरी कॉम-१, कॉम-२, कीबोर्ड, घड्याळ चालूच राहतात, कारण त्यांचे पत्ते ठरलेले आहेत आणि कर्नलला ते पाठ आहेत. मरतो तो पोर्ट ज्याचा आयआरक्यू, म्हणजे हार्डवेअरने कर्नलला हाक मारायचा नंबर, नेहमीपेक्षा वेगळा आहे. म्हणून बिघाड लगेच दिसत नाही, आणि दिसला की माणूस केबल बदलत बसतो.

खालचं सगळं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार, म्हणजे डिस्ट्रो) धरून लिहिलंय, उबुंटूवर जवळपास तेच. कमांड आणि ऑप्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थात इंग्रजीत करायची. कमांड छोट्या अक्षरांत, कॉन्फिगची नावं मोठ्या अक्षरांत. टीटीवायएस मधला एस, टीटीवाययूएसबी मधला यूएसबी, एसटीटीवायचा -एफ आणि इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप हे मात्र मोठ्या अक्षरांत.

टप्पा १: हात लावायच्या आधीची तयारी

एक वही किंवा कागद घ्या. खरा कागद, मोबाईलमधली नोट नको, कारण मशीन बूट होत नसताना तुम्ही मोबाईलवर मला फोन करत असणार.

चालू असलेला कर्नल काढू नका. नवीन त्याच्या बाजूला बसवायचा, जुना ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडून देणारा प्रोग्रॅम) मेन्यूत दिसत राहिला पाहिजे. त्यासाठी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये टाइमआउट पाच सेकंद ठेवा, टाइमआउट स्टाइल "मेन्यू" करा आणि अपडेट-ग्रब चालवा. हे आधी करायचं, नंतर नाही. एकदा मशीन अडकलं की मेन्यू कसा आणायचा हे शोधण्यात अर्धा तास जातो.

वेळ निवडायची तर पावसाळा बरा, खाणी बंद असतात आणि काट्यावर कोणी घाई करत नाही. पण पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएसची बॅटरी खरंच धरते का ते आधी बघा. कर्नल अर्धा कंपाइल होऊन (सोर्सपासून बनत असताना) लाईट गेली तर फार काही बिघडत नाही, पुन्हा मेक ही कमांड मारली की तो पुढे चालू होतो. इन्स्टॉल चालू असताना गेली तर मात्र वाट लागते.

तपासा: डिस्कवर जागा. डिस्ट्रोचा कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) घेऊन डीबग इन्फोसकट बिल्ड केलंत तर वीस जीबी सहज खातं. /बूट वेगळं पार्टिशन असेल तर तिथेही बघा, तिथे जागा संपली की इनिट-रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) अर्धवट लिहिला जातो.

टप्पा २: केबिनेट आणि बायॉस

कर्नलला दोष द्यायच्या आधी केबिनेट उघडा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सिरियल पोर्टच्या नऊ पिनांवर हिरवट थर बसतो, समुद्राजवळ तर दोन वर्षांत. मदरबोर्डवरून पाठीमागच्या पोर्टला जी पट्टीची केबल येते तिचं टोक काढून परत बसवा. आत पालीने घर केलं असेल तर तिला बाहेर काढा. हसू नका, एका काट्यावर बोर्डाला चिकटलेली मेलेली पाल हाच बिघाड होता.

मग सीएमओएसचा, म्हणजे बायॉसची सेटिंग लक्षात ठेवणारा सेल. सीआर २०३२, नाण्याएवढा. हा बदलल्याशिवाय पुढे जाऊच नका. रात्री मेन स्विच बंद करायची सवय सगळ्या काट्यांवर असते, सेल मेला असेल तर बायॉस रोज सकाळी मूळ सेटिंगवर जातो, आणि तुम्ही काल रात्री ठरवलेला कॉम-३ चा आयआरक्यू आज वेगळा असतो. असला बिघाड रोज परत येतो आणि माणसाला वेड लावतो.

आता बायॉसमध्ये:

१. सिरियल पोर्टचं पान उघडा, बहुतेक वेळा सुपर आय/ओ किंवा इंटिग्रेटेड पेरिफेरल्स नावाखाली असतं. प्रत्येक पोर्ट चालू आहे ना बघा. "ऑटो" असेल तर हाताने ठरवा. कॉम-१ ला ३एफ८ आणि आयआरक्यू ४, कॉम-२ ला २एफ८ आणि ३. इंडस्ट्रियल बोर्डावर कॉम-३ बहुधा ३ई८ आणि आयआरक्यू १० किंवा ११ असतो. जे असेल ते वहीत लिहा.

२. जुन्या बायॉसमध्ये "पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड" असा ऑप्शन असतो. तिथे "नो" ठेवा. नाव बघून लोक उत्साहाने "येस" करतात. येस केलं की बायॉस म्हणतो, ओएस बघून घेईल, आणि काही डिव्हाइस न बसवताच सोडून देतो. नो ठेवलं की तो स्वतः सगळं मांडून मगच कर्नलच्या ताब्यात देतो.

३. मशीन नवं असेल आणि सिक्युअर बूट चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर तुम्ही बनवलेला बिनसहीचा कर्नल बूटच होणार नाही.

टप्पा ३: चालू कर्नलची जबानी

हा टप्पा सगळे गाळतात. जुना कर्नल व्यवस्थित चालतोय तोवर त्याला विचारून घ्या कोण कुठे बसलंय, नंतर तुलना कशाशी करणार?

सगळं जोडलेलं असू दे: काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) चालू, प्रिंटर चालू, पेन ड्राइव्ह घातलेला. मग:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय पीएनपी

ही कमांड कर्नलच्या बूटच्या नोंदींतल्या पीएनपीच्या ओळी दाखवते. यात "पीएनपी एसीपीआय: फाउंड" आणि पुढे डिव्हाइसची संख्या अशी ओळ येते. ती संख्या लिहून ठेवा.

ग्रेप . /सिस/बस/पीएनपी/डिव्हाइसेस/*/आयडी

कॅट ऐवजी ग्रेप आणि टिंब वापरलं की फाइलचं नाव पण छापून येतं, नाहीतर नुसते आयडी बघून कुठला कुणाचा ते कळत नाही. पीएनपी०५०१ म्हणजे सिरियल पोर्ट. ०४०० किंवा ०४०१ म्हणजे प्रिंटर पोर्ट. ०३०३ कीबोर्ड, ०एफ१३ माऊस, ०बी०० घड्याळ. ०सी०२ दिसला तर घाबरू नका, मदरबोर्डने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जागा आहेत त्या.

आता ज्या फोल्डरात ०५०१ सापडला, समजा ००:०४, त्यातली रिसोर्सेस नावाची फाइल कॅट करा. तीन ओळी येतात: स्टेट ॲक्टिव्ह, आय/ओ ०एक्स३ई८ ते ०एक्स३ईएफ, आयआरक्यू १०. हीच ती माहिती जी प्लग अँड प्ले नसेल तर कर्नलला मिळणार नाही. त्याच्या पाठ असलेल्या यादीत ३ई८ ला आयआरक्यू ४ आहे, तो चारवर कान लावून बसेल आणि काटा दहावर बोंबलत राहील.

तपासा: कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन. यात एसीपीआय=ऑफ, पीएनपीएसीपीआय=ऑफ किंवा नोआयएसएपीएनपी असं काही दिसतंय का? दिसलं तर आधी ते ग्रबच्या फाइलमधून काढा, अपडेट-ग्रब, रिबूट, आणि हा टप्पा पहिल्यापासून. मी स्वतः एकदा ग्राफिक्सच्या कटकटीसाठी नेटवर वाचून एसीपीआय=ऑफ टाकलं होतं, ग्राफिक्स सुधारलं, मी खूश, आणि दोन महिन्यांनी कॉम-३ साठी त्याच मशीनवर अख्खा रविवार घालवला. पॅरामीटर मीच टाकलाय हे आठवलंच नाही.

/प्रॉक/आयओपोर्ट्स बघायचं तर सुडो लावूनच बघा. सुडोशिवाय सगळे पत्ते शून्य दिसतात आणि माणूस उगाच हादरतो.

टप्पा ४: सोर्स आणि पहिला कॉन्फिग

लागणारी पॅकेजेस: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह. एनकर्सेस विसरलात तर मेन्यू उघडणार नाही, बाकीचे विसरलात तर मध्येच कुठेतरी थांबेल.

सुरुवात शून्यातून करू नका. चालू कर्नलचा कॉन्फिग /बूट मध्ये असतो, तो सोर्सच्या फोल्डरात डॉट-कॉन्फिग नावाने कॉपी करा आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा. नवीन आलेल्या ऑप्शनना तो डिफॉल्ट उत्तर देतो.

उबुंटूचा कॉन्फिग घेतला असेल तर सर्टिफिकेटच्या फाइलवरून बिल्ड अडतं. सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज हे दोन्ही स्क्रिप्ट्स/कॉन्फिग वापरून डिसेबल करा.

कर्नल लहान करायला लोक मेक लोकलमॉडकॉन्फिग मारतात. चांगली कमांड आहे, पण ती फक्त त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल (लागतील तेव्हा लोड होणारे ड्रायव्हरचे तुकडे) ठेवते आणि बाकी सगळी उडवते. प्रिंटर बंद होता? प्रिंटरचं मॉड्यूल गेलं. पेन ड्राइव्ह नव्हता? मग महिनाअखेरीस हिशेब पेन ड्राइव्हवर घ्यायला गेलात की व्हीफॅट (पेन ड्राइव्हची फाइल सिस्टिम) नाही. म्हणून वर सांगितलं सगळं जोडलेलं असू दे. आणि खरं सांगायचं तर काट्याच्या मशीनवर मी ही कमांड वापरतच नाही, वाचलेल्या जागेपेक्षा डोकेदुखी महाग पडते.

टप्पा ५: मेन्यूकॉन्फिगमधला क्रम

मेक मेन्यूकॉन्फिग. इथे क्रम महत्त्वाचा, कारण एक ऑप्शन चालू नसेल तर त्याच्यावर टेकलेला पुढचा ऑप्शन मेन्यूत दिसतच नाही, आणि मग "माझ्याकडे तो ऑप्शनच नाहीये" म्हणून मेसेज येतात.

१. जनरल सेटअप मध्ये लोकल व्हर्जन. इथे काहीतरी स्वतःचं घाला, मी "-काटा१" अर्थाचं इंग्रजीत घालतो. नाही घातलंत आणि व्हर्जन तोच असला तर नवीन मॉड्यूल जुन्यांच्याच फोल्डरात जाऊन बसतात आणि परतीचा रस्ता बंद.

२. लोडेबल मॉड्यूल सपोर्ट चालू आहे याची खात्री.

३. पॉवर मॅनेजमेंट अँड एसीपीआय ऑप्शन्स. एसीपीआय सपोर्ट चालू पाहिजे. "आमचं मशीन चोवीस तास चालतं, पॉवर मॅनेजमेंट कशाला" म्हणून लोक नेमकं इथे कुऱ्हाड घालतात. नावात पॉवर असलं तरी एसीपीआय म्हणजे नुसती वीजबचत नाही, मदरबोर्डवर काय काय आहे त्याची यादीच तिथे आहे.

४. डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये प्लग अँड प्ले सपोर्ट. एसीपीआय चालू असेल तर इथे चौकोनी कंसाऐवजी दोन आडव्या रेघांमध्ये तारा दिसेल, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी हा ऑप्शन धरून ठेवलाय, तुम्हाला बंद करता येणार नाही. बरोबर आहे, तसंच पाहिजे. तिथे साधे चौकोनी कंस दिसले तर समजा वर एसीपीआय बंद आहे, मागे जा. आणि ६४ बिटवर एसीपीआय बंद असेल तर हा मेन्यूच गायब होतो. हा ऑप्शन मॉड्यूल करता येत नाही, एकतर आत नाहीतर बाहेर, त्यामुळे एम शोधत बसू नका. आतमध्ये डीबगिंग मेसेजेस चालू ठेवा. नुसते चालू ठेवल्याने काही बडबड होत नाही, बूटच्या वेळी पीएनपी.डीबग=१ दिलं तरच होते, आणि अडचणीच्या दिवशी तीच बडबड उपयोगी पडते.

५. कॅरेक्टर डिव्हाइसेसमध्ये सिरियल ड्रायव्हर्स. ८२५०/१६५५० चा ड्रायव्हर आतच घ्या, मॉड्यूल नको. त्याचा प्लग अँड प्लेवाला भाग सिरियल_८२५०_पीएनपी, तो पीएनपी चालू असला की आपोआप चालू होतो आणि साध्या मेन्यूत बऱ्याचदा दिसतही नाही. तिथेच खाली पोर्टांची संख्या असते, दोन आकडे, एक कमाल आणि एक बूटच्या वेळी नोंदवायची. मूळ आकडा चार असतो. सहा कॉमवाला इंडस्ट्रियल बोर्ड असेल तर दोन्हीकडे आठ करा, नाहीतर पाचवा-सहावा पोर्ट दिसणारच नाही आणि दोष प्लग अँड प्लेवर जाईल. डिस्ट्रोचाच कर्नल ठेवायचा असेल आणि त्यात कमाल आकडा पुरेसा असेल तर बूटला ८२५०.एनआर_यूएआरटीएस=६ दिलं तरी चालतं.

६. पॅरलल पोर्ट सपोर्ट, त्यात पीसी-स्टाइल हार्डवेअर, आणि मग परत कॅरेक्टर डिव्हाइसेसमध्ये येऊन पॅरलल प्रिंटर सपोर्ट. पहिले दोन घेतले आणि तिसरा विसरला की पोर्ट सापडतो पण एलपी० (प्रिंटरचं डिव्हाइस) तयार होत नाही, डॉट मॅट्रिक्स गप्प. याच कारणासाठी पावत्या दोन दिवस हाताने लिहिलेल्या मी बघितल्यात.

७. जनरिक ड्रायव्हर ऑप्शन्समध्ये डेव्हटीएमपीएफएस (/डेव्ह मधल्या डिव्हाइसच्या फाइली बनवणारा), आणि त्याचं आपोआप माउंट होणं, दोन्ही चालू. युइव्हेंट हेल्पर बंद. तो जुन्या पद्धतीचा आहे, आता ते काम युडेव्ह (नवीन डिव्हाइस आलं की दखल घेणारा प्रोग्रॅम) करतो.

मेन्यूत एखादी गोष्ट सापडत नसेल तर तिरकी रेघ दाबा आणि पीएनपी टाइप करा. प्रत्येक ऑप्शन कोणावर टेकलाय आणि त्याला कोणी धरून ठेवलंय ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. ही एक कळ माहीत असती तर मला येणारे निम्मे फोन आले नसते.

सावधान: डॉट-कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून हाताने वाय लिहू नका. टेकू नसलेला ऑप्शन मेक पुढच्या वेळी गुपचूप परत बंद करतो, एक अक्षर बोलत नाही.

तपासा: सेव्ह करून बाहेर या आणि ग्रेप पीएनपी .कॉन्फिग चालवा. कॉन्फिग_पीएनपी, कॉन्फिग_पीएनपीएसीपीआय आणि कॉन्फिग_सिरियल_८२५०_पीएनपी या तिघांपुढे वाय दिसलाच पाहिजे. "इज नॉट सेट" दिसलं तर पुढे जाऊ नका.

टप्पा ६: आयएसए स्लॉटवाल्यांसाठी, बाकीच्यांनी सोडून द्या

पेंटियम-२, पेंटियम-३ च्या जमान्यातला बोर्ड, काळा लांब स्लॉट, त्यात कार्ड. अजून आहेत अशी मशीनं, बर्फाच्या कारखान्यात एक मी परवाच बघितलं.

हे फक्त ३२ बिट कर्नलवर. ६४ बिटमध्ये आयएसए सपोर्टचा ऑप्शन शोधून सापडणार नाही. आणि डिस्ट्रोचं म्हणाल तर डेबियन १३ पासून ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर येत नाही, तेव्हा डेबियन १२ वर राहा.

बस ऑप्शन्समध्ये आयएसए सपोर्ट चालू करा, मग प्लग अँड प्लेच्या मेन्यूत आयएसए प्लग अँड प्ले दिसायला लागेल, तो घ्या. प्लग अँड प्ले बायॉस सपोर्ट नावाचा अजून एक दिसेल, ज्या मशीनला एसीपीआय धड नाही त्यालाच त्याचा उपयोग, नाहीतर बंद. मग कार्डाचा ड्रायव्हर, उदाहरणार्थ रियलटेक ८०१९ चिपवालं नेटवर्क कार्ड असेल तर एनई२०००.

कार्ड काढून सोनेरी पट्टी शाळेतल्या खोडरबराने हलकी घासा, सुक्या कपड्याने पुसा, बसवा. मग कार्डावर जंपर बघा, बऱ्याच कार्डांवर जंपर मोड आणि पीएनपी मोड असे दोन असतात आणि जंपर मोडवरचं कार्ड कर्नलच्या शोधात सापडत नाही, कितीही ऑप्शन लावा.

एक कार्ड जंपरवालं आणि एक पीएनपीवालं असं मिश्रण असेल तर भांडण ठरलेलं. जंपरवालं आयआरक्यू ५ धरून बसलंय हे कर्नलला माहीत नसतं, तो पाच दुसऱ्याला देऊन टाकतो. बूटला पीएनपी_रिझर्व्ह_आयआरक्यू=५ द्या, मग तो पाचला हात लावत नाही. आय/ओ आणि डीएमएसाठीही अशाच नावाचे पॅरामीटर आहेत.

तपासा: डीमेसेजमध्ये "आयएसएपीएनपी: स्कॅनिंग फॉर पीएनपी कार्ड्स" च्या खाली किती कार्डं सापडली ते येतं. "नो प्लग अँड प्ले डिव्हाइस फाउंड" आलं तर परत जंपर आणि खोडरबर.

टप्पा ७: बिल्ड आणि इन्स्टॉल

मेक -जे आणि त्यापुढे कोरची संख्या. चहा प्या, जेवून या.

मग सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, आणि त्याच्या नंतर सुडो मेक इन्स्टॉल. उलट करायचं नाही. दुसरी कमांड इनिट-रॅमएफएस बनवते, त्यात भरायला मॉड्यूल आधी जागेवर हवीत ना. उलट केलं की नवीन कर्नलला डिस्कच सापडत नाही. पहिल्या कमांडला इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ जोडा, मॉड्यूल बारीक होतात आणि /बूट भरत नाही.

टप्पा ८: पहिलं बूट

ग्रबमधून नवीन कर्नल निवडा. आल्यावर युनेम -आर, तुमचं लोकल व्हर्जन दिसलं पाहिजे. कितीतरी लोक जुन्याच कर्नलमध्ये बसून नवीन तपासत असतात.

आता वही उघडा आणि टप्पा ३ च्या कमांड परत चालवा. डिव्हाइसची संख्या तीच? आयडी तेच? आयआरक्यू तोच?

मग ही ओळ शोधा, सगळ्यात जास्त ही बोलते:

सुडो डीमेसेज | ग्रेप टीटीवायएस

टीटीवायएस हे सिरियल पोर्टचं लिनक्समधलं नाव, मोजणी शून्यापासून, म्हणून कॉम-३ म्हणजे टीटीवायएस२. ओळीच्या सुरुवातीला "००:०४:" असं असेल तर पोर्ट प्लग अँड प्लेमधून आला, पुढे आयआरक्यू १० दिसेल, सगळं ठीक. सुरुवातीला "सिरियल८२५०:" असेल तर कर्नलने पाठ असलेल्या यादीतून अंदाजाने लावलाय, आणि आयआरक्यू ४ दिसत असेल तर काट्याचा आकडा येणार नाही, आत्ताच सांगतो. परत टप्पा ५, कलम ३.

ओळ बरोबर आहे पण आकडा नाही? आता क्रमाने जा:

१. युझर डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) आहे का? नसेल तर घाला आणि लॉगआउट करून परत या. कर्नल बरोबर असतानाही निम्म्या वेळा हेच असतं.

२. एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस२ ने बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) लावा. इंडिकेटरवर जो असेल तोच, ९६०० असतो, २४०० पण असतो, इंडिकेटरच्या मेन्यूत बघा. मग त्या पोर्टला कॅट लावा. आकडे सरकायला लागले तर कर्नलचं काम संपलं, पुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा. कचरा अक्षरं आली तर बॉड रेट चुकला.

३. कॅट चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये /प्रॉक/इंटरप्ट्स दोन-तीनदा बघा. दहाच्या ओळीतला आकडा वाढतोय का? पोर्ट कोणी उघडलेला नसेल तर ती ओळ तिथे असतच नाही, तेव्हा बंद पोर्टवर बघून "आयआरक्यू मिळालाच नाही" म्हणू नका.

आयआरक्यू हाताने बदलून बघायचा असेल तर रिसोर्सेस फाइलमध्ये लिहिता येतं, पण आधी ड्रायव्हर सोडवावा लागतो, नाहीतर डीमेसेजमध्ये "इन यूज, कान्ट कॉन्फिगर" एवढंच मिळतं. क्रम असा: /सिस/बस/पीएनपी/ड्रायव्हर्स/सिरियल/अनबाइंड मध्ये ००:०४ लिहा. मग रिसोर्सेसमध्ये "डिसेबल", मग "सेट आयओ" आणि "आयआरक्यू" पुढे आकडे (मध्ये तिरकी रेघ न देता), मग "ॲक्टिव्हेट". शेवटी बाइंड मध्ये परत ००:०४. बोर्डाला कुठले आकडे चालतात ते शेजारच्या ऑप्शन्स फाइलमध्ये आहे, त्याच्या बाहेरचे देऊन उपयोग नाही. आणि सुडो एको करून बाणाने फाइलमध्ये लिहिणं चालत नाही, कारण बाण तुमच्या शेलचा, त्याला सुडो लागत नाही. एको करा आणि पाइप लावून सुडो टी मध्ये द्या. रिबूट केल्यावर हे सगळं पुसलं जातं, म्हणून चाचणीपुरतंच वापरा, कायमचा बदल बायॉसमध्ये.

प्रिंटर: डीमेसेजमध्ये "एलपी०: यूझिंग पारपोर्ट०" दिसलं की झालं. पारपोर्ट आहे आणि एलपी० नाही असं असेल तर एलपी मॉड्यूल आपोआप लोड होत नाहीये, /ईटीसी/मॉड्यूल्स मध्ये एलपी अशी एक ओळ घाला.

टप्पा ९: यूएसबी कन्व्हर्टर लावून सुटका होत नाही

"कशाला एवढं, दीडशे-दोनशेचं यूएसबी टू सिरियल लावतो." लावा, पण त्यातही तीन खड्डे.

कर्नलमध्ये त्या चिपचा ड्रायव्हर हवा: सीएच३४१, पीएल२३०३ किंवा एफटीडीआय, यूएसबी सिरियल कन्व्हर्टरच्या मेन्यूत. हे मॉड्यूल म्हणून घेतलेलेच बरे, वायर घातली की युडेव्ह स्वतः ओढतो.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपवालं (हिलाही सीएच३४१ चाच ड्रायव्हर) घातलं की पोर्ट येतो आणि लगेच गायब होतो. तो अंधांच्या ब्रेल यंत्रासाठीचा बीआरएलटीटीवाय प्रोग्रॅम पळवतो, कारण एका ब्रेल यंत्राचा आणि या चिपचा यूएसबी आयडी सारखाच. अंध व्यक्ती वापरत नसेल तर ते पॅकेज काढा.

तिसरा, टीटीवाययूएसबी० हे नाव पक्कं नसतं. दोन कन्व्हर्टर असतील तर लाईट जाऊन आल्यावर शून्य आणि एक अदलाबदल होतात, आणि सॉफ्टवेअर प्रिंटरला वजन विचारत बसतं. /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी मधलं नाव द्या. दोन्ही स्वस्तातले एकाच चिपचे असतील तर त्यांना सिरियल नंबरच नसतो, मग बाय-पाथ वापरा आणि कुठला कन्व्हर्टर कुठल्या भोकात ते केबिनेटवर पेंटने लिहा. मार्कर चालत नाही, पावसाळ्यात दमट हवेने पुसला जातो.

टप्पा १०: जुना कर्नल कधी काढायचा

लगेच नाही. मेन स्विच बंद करून, रात्रभर ठेवून, सकाळी थंड मशीन चालू करून आकडा येतो का ते किमान तीनदा बघा. नुसत्या रिबूटमध्ये बायॉसची सेटिंग तशीच राहतात, थंड बूटमध्येच सेल आणि बायॉसची खरी परीक्षा होते. ऑपरेटरला ग्रबमध्ये जुना कर्नल कसा निवडायचा ते तुमच्यासमोर एकदा करायला लावा, सांगून भागत नाही.

वहीतलं पान फाडून प्लास्टिकच्या पिशवीत घालून केबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा: कुठला कॉम, कुठला पत्ता, कुठला आयआरक्यू, बॉड रेट, सेल कधी बदलला. पुढच्या वेळी मशीन उघडणारा बहुतेक तुम्ही नसालच.